गोलाच्या बाहेरचे

पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसानं तिला विचारलंच नाही. दार अर्धं उघडं होतं, तो उंबऱ्याबाहेर उभा राहून पुठ्ठ्याला चिमट्यानं अडकवलेल्या कागदावर मजला, दाराचा आकडा, मीटरचा आकडा असं भराभर उतरवत होता. 'घरात राहणारी माणसं' या रकान्याशी आल्यावर त्यानं मान वर केली, तिच्या खांद्यावरून आत एकदा बघितलं, टेबलाशी एक खुर्ची, ओट्यावर एक कप, खिडकीतल्या दोरीवर एक टॉवेल, आणि १ लिहिलं. "इथं सही करा मावशी." तिनं केली. आकडा बरोबरच होता, भांडण्यासारखं त्यात काही नव्हतं. आई गेल्यापासून अकरा वर्षं तो आकडा तोच होता. पण जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरलाय आणि आपल्याला राग आलाय. कशाचा, ते नीट सापडेना. चूक असती तर बरं झालं असतं, चूक दाखवून देण्यात तिचा हातखंडा होता. इथं आकडा बरोबर होता आणि तरीही तो माणूस चुकला होता. त्यानं बघून ठरवलं. एक कप म्हणजे एक माणूस. शेजारच्या बाईचं रडकं मूल दर रविवारी दुपारी हिच्या पलंगावर येऊन झोपतं, कारण त्याला म्हणे याच खोलीत झोप लागते. खालच्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचायला म्हणून येतात आणि तांब्याभर पाणी पिऊन जातात. ते पाणी कुठल्या रकान्यात? विचारलं असतं तरी तिनं 'एक' असंच सांगितलं असतं, हे तिला कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला होता.

घरापासून संग्रहालय बारा मिनिटांच्या वाटेवर होतं, आणि एकतीस वर्षं ती ही वाट चालत होती. विज्ञान संग्रहालयातल्या तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, कागदांवर ते दोन ओळींत मावत असे, पण शिपायापासून संचालकापर्यंत सगळे तिला 'समजावणाऱ्या बाई' म्हणत. शाळांच्या सहली येत, शनिवारी अकरा वाजता ज्याला हवं त्या मुलानं यावं असा एक मोकळा तास असे, आणि ती समजावत असे. चंद्र का पडत नाही. तारा विझतो म्हणजे काय होतं. आज शनिवारच होता. शिवाय आज एका पाटीवर सही करायची होती, आणि ती सही आपण करणार नाही हे तिनं मंगळवारी ठरवलं होतं, बुधवारी मोडलं होतं, गुरुवारी पुन्हा ठरवलं होतं. शुक्रवारी तिनं त्याचा विचारच केला नाही, कपाटं पुसली. आता चौकात सिग्नलला उभी असताना समोरच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, ओठ आवळलेले. वर्गात एखादं मूल 'बाई, हे बरोबर आहे का' विचारतं आणि आपल्याला ते येत नसतं, तेव्हा होतो तसा चेहरा. तिनं ओठ सैल सोडले. दिवा हिरवा झाला होता, मागच्या माणसानं "चला की बाई" म्हटलं.

संग्रहालयातली रीत अशी होती की कुठल्याही पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, दोन अक्षरं कोरलेली असत. पाटी तपासणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. आणि तपासायचं कोणी, तर जो त्या पाटीसमोर उभा राहून लोकांना समजावणार त्यानंच. पहिल्या संचालकांनी हा नियम घातला होता. ते म्हणत, ज्याला प्रश्न विचारले जाणार त्याच्या नावावर चूक असू दे, म्हणजे तो झोपणार नाही. एकतीस वर्षांत तिची दोन अक्षरं एकशे चौदा पाट्यांवर बसली होती. मुलं ती वाचत. "बाई, हे कोण?" असं विचारत, आणि ती "असेल कोणीतरी शहाणी" म्हणत असे. आता नवं दालन तयार झालं होतं, उद्या उघडायचं होतं, आणि मधोमध छतापासून लोंबत होता एक काचेचा गोल, तीन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा. आत बारीक दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे एक दीर्घिका, प्रत्येक दीर्घिकेत अब्जावधी तारे, आणि हे सगळे दिवे मिळून आपला गट, ज्यात आपली आकाशगंगा आहे. गोलाची काच म्हणजे त्या गटाच्या ओढीची हद्द. खाली पितळी पाटी लागायची होती. तिचा मजकूर तिला पाठ झाला होता: 'आपल्या गटाची ओढ इथपर्यंत पोचते. या गोलाच्या आत आहे ते एकत्र राहील, बाहेरचं दूर जात राहील. गोल किती मोठा, हे फक्त गटाच्या वजनावर ठरतं.'

हे वाक्य तिचंच होतं. शब्द कोणी दुसऱ्यानं जुळवले असतील, पण वाक्य तिचं. शनिवारच्या तासाला तिनं ते किती वेळा म्हटलं असेल. विश्व पसरतं आहे, मुलांनो, म्हणजे सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून लांब जातायत, आणि जितकी लांब तितकी जास्त वेगानं. पण जवळ असल्या की ओढ असते. गुरुत्वाकर्षण. मग भांडण लागतं, पसरणं एकीकडे ओढतं, गट आपल्याकडे ओढतो. कुठंतरी एक जागा अशी येते की दोघांची बरोबरी होते. ती हद्द. मग ती फरशीत मारलेल्या एका खिळ्याला दोरी बांधत असे, दोरीच्या टोकाला खडू, आणि एखाद्या मुलाच्या हातात ती दोरी देऊन सुरेख वर्तुळ काढून घेत असे. मग आतली मुलं मध्याकडे चालत यायची, बाहेरची मुलं भिंतींकडे जायची. मुलांना ते फार आवडे. बाहेरची मुलं उगाचच रडण्याचं सोंग करायची. दोरी कोणाला मिळणार यावरून मारामाऱ्या होत. तिनं ते कधी तपासलं नाही, कारण त्यात तपासायचं काय होतं? पुस्तकात तसंच होतं, गणित तसंच सांगत होतं, आणि वर्तुळ किती सुबक यायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी दोन वेण्यांची एक मुलगी वर्तुळाबाहेर उभी होती. भिंतीकडे जायची पाळी आली तेव्हा ती गेलीच नाही. "काय गं, पाय दुखतायत का?" तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, "बाई, पलीकडं तो दुसरा गट आहे ना, फळ्यावर काढला होतात तो. तो पण ओढत असेल ना मला?" ती म्हणाली, "तो लांब आहे. त्याला आपण या खेळात धरायचं नाही." मुलगी जरा विचार करून म्हणाली, "पण आहे ना?" मागच्या पोरांनी आरडाओरडा केला, ए चल ना, अडवू नको, आणि ती, समजावणारी बाई, त्या पोरांच्या बाजूची झाली. "आहे, पण ते सोडून दे," म्हणाली. मुलगी भिंतीशी जाऊन उभी राहिली. पुन्हा कधी ती शनिवारी आली नाही. कदाचित घर बदललं असेल, कदाचित पोहण्याचा वर्ग लागला असेल, मुलांचं काय सांगावं. पण 'पण आहे ना' हे तीन शब्द ठेच लागलेल्या अंगठ्यासारखे राहिले. चालताना काही नाही, बूट घालताना जाणवायचं.

तिचे वडील जमिनीच्या मोजणीच्या खात्यात होते. ती सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत ते तिला बरोबर नेत. एकदा शहराबाहेरच्या एका भूखंडाची मोजणी होती, मालक घाईत होता, त्याला संध्याकाळच्या आत नकाशा हवा होता. वडील साखळीची गुंडाळी मांडीवर घेऊन दगडावर बसून राहिले. "अहो साहेब, करा ना सुरू," मालक म्हणाला. वडील म्हणाले, "शेजारी येऊ द्या." "त्यांचा काय संबंध? जमीन माझी आहे." "जमीन तुमची आहे, हद्द दोघांची आहे," वडील म्हणाले, आणि खिशातून शेंगदाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले. उन्हात तीन तास. दोन्ही बाजूचे शेजारी आले, एक तर बनियनवरच आला, तेव्हा कुठं साखळी सुटली. परत येताना तिनं विचारलं होतं की ते लोक आलेच नसते तर? वडील म्हणाले, "तर उद्या." एवढंच. ती गोष्ट तिला इतक्या वर्षांत कधी आठवली नव्हती. दोन वेण्यांच्या मुलीनंतर आठवली, आणि मग दर शनिवारी दोरी बांधताना आठवायला लागली. आपण शेजाऱ्यांना न बोलावता साखळी सोडतोय.

मग ती विद्यापीठात गेली, तिथं एक गणकयंत्रावर विश्वाच्या प्रतिकृती चालवणारा माणूस होता, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. ती त्याला आकडेवाला म्हणायची आणि त्यालाही ते नाव आवडायचं. तिनं त्याला मुलीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो हसला. "बाई, आम्ही तर गट मोजायच्या आधी आजूबाजूचं सगळं कापूनच टाकतो." "का?" "गणित नीट बसतं." "नीट बसतं म्हणजे गोल येतं, असंच ना?" तो हसायचा थांबला. पुढची दोन वर्षं दर बुधवारी दुपारी ती त्याच्या खोलीत जाऊन बसली. त्यानं यंत्रातल्या गटांभोवतीचा शेजार कापायचं बंद केलं, आणि तिनं बघितलं. दीर्घिकांचे गट हवेत सुटे टांगलेले नसतात. लांबून बघितलं तर सगळं विश्व साबणाच्या फेसासारखं दिसतं, मोठमोठ्या रिकाम्या पोकळ्या, त्यांच्या मधे पातळ पडदे, पडदे जिथं मिळतात तिथं धागे, आणि गट या पडद्यांवर, धाग्यांवर बसलेले. दोन गट, वजन अगदी सारखं, पण एक पोकळीत एकटा, एक पडद्यात दाटीनं बसलेला, तर दोघांच्या ओढीची पोच सारखी नसते. पडद्यातल्या गटाला त्याच पडद्यातले शेजारी बाहेरून ओढत असतात, म्हणून त्या दिशांना त्याची पोच आखूड पडते. आणि वर-खाली, जिकडे पोकळी आहे, तिकडे उलट ओढणारं कोणी नाही, पडद्याची स्वतःची ओढही गटाच्याच बाजूची, तिकडे पोच लांब जाते. हद्द गोल नसते. एकीकडे दबलेली, एकीकडे ओढून धरलेली, एखाद्या धाग्याच्या तोंडाशी उघडीच. "आपला गट?" तिनं विचारलं. "आपण पडद्यात आहोत," आकडेवाला म्हणाला, "वर-खाली पोकळ्या." आणि मग जरा वेळानं, "गंमत बघा बाई, जिकडे आपली पोच सगळ्यांत लांब, तिकडे ओढून घ्यायला फारसं कोणी नाहीच." तिला तो म्हणाला ते आवडलं नाही. खरं होतं, पण त्याचा स्वर आवडला नाही. माणसं आकाशाकडे बघून लगेच स्वतःवर उसासे टाकायला लागतात. ती मुलांना नेहमी सांगे, तारे माणसांसारखे नसतात, त्यांना एकटं वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर तसं सांगा, ताऱ्यांच्या आड लपू नका.

दालनाबाहेरच्या बाकावर पाट्या कोरणारा येऊन बसला होता, मांडीवर पितळी पत्रा, त्याच्यावर मऊ फडकं. मजकूर कोरून झाला होता, फक्त उजवा कोपरा रिकामा होता. "या बाई," तो म्हणाला. "तुमच्या दोन अक्षरांसाठी नऊपासून बसलोय. तुमची अक्षरं मला झोपेत येतात, सांगा फक्त." "मजकूर वाचलात का तुम्ही?" तिनं विचारलं. "मी कोरतो, वाचत नाही. वाचायला लागलो तर हात थरथरतो." तिला हसू आलं. "आणि चूक असली तर?" "चूक असली तर ती पण सुबक कोरतो," तो म्हणाला. पिशवीत फोन वाजला. वहिनी. वहिनी नेहमी अशीच वेळ साधते. "वन्सं, कामात आहात का? नाही, खोलीला रंग देऊन झाला, तेवढंच सांगायचं होतं. फिकट पिवळा. हे म्हणतात, आता महिनाअखेर तुमचं ते मुदतवाढीचं संपतंय, तर या इकडंच. उगाच एका माणसासाठी कशाला वेगळी चूल?" "संपतंय असं कोणी सांगितलं?" "अहो, आता किती वर्षं शिकवणार? आणि मुलं काय, कुठंही असतात. इथं आमच्या गल्लीत ढीगभर आहेत." वहिनी वाईट नव्हती. आईच्या आजारपणात तिनं खूप केलं होतं. म्हणूनच तिला 'नाही' म्हणणं अवघड जाई, ते दरवेळी नव्यानं म्हणावं लागे. "वहिनी, पिवळा छान दिसेल," ती म्हणाली. "तुमच्या लेकीला द्या ती खोली. तिला अभ्यासाला हवीच आहे."  मग, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे ना," असं म्हणून वहिनीनं फोन दादाकडे न देता ठेवला. नेहमी दादाकडे देते.

संचालकाच्या खोलीत ती दार न वाजवता गेली. लोकांसमोर ती त्याला साहेब म्हणत असे, एकटा असला की अरे. तो चाळिशीला आला होता, कपाळ मोठं झालं होतं, पण कान तेच, जरा बाहेर आलेले. नऊ वर्षांचा असताना तो शनिवारच्या तासाला पहिल्या रांगेत बसायचा आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवायचा, जणू तपासतोय. "बसा बाई," तो म्हणाला. टेबलावर एकच फाईल होती, वर पाटीच्या मंजुरीचा कागद, खाली तिच्या मुदतवाढीचा. त्यानं मुद्दाम तसं लावलं होतं का सहज लागलं होतं, ते तिला कळलं नाही. तिनं उभ्यानंच सांगितलं, "पाटीबद्दलच्या माझ्या तीन चिठ्ठ्या वाचल्यास का?" "वाचल्या." "मग?" तो म्हणाला, "'फक्त' हा शब्द खटकतो ना तुम्हाला? काढून टाकू. पाटीवाला भरून देईल. मग कराल सही?" ती या गोष्टीला तयार नव्हती. भांडण अपेक्षित होतं, सवलत नव्हती. क्षणभर तिला खरोखर वाटलं की झालं, काढला 'फक्त', मिटलं, पुढच्या शनिवारी पुन्हा अकरा वाजता मुलं येतील आणि ती त्यांना तोंडानं सांगेल की खरं काय आहे. किती सोपं होतं. एवढ्या वर्षांत असे किती शब्द काढले, घातले. मग तिच्या डोळ्यांसमोर मुलं आली, खाली मान घालून पाटी वाचणारी नव्हेत, पाटी कोण वाचतंय, तोंड वर करून गोलाकडे बघणारी. "शब्द काढून गोल थोडाच वाकडा होणार आहे?" ती म्हणाली.

"बाई, ते सोपं करून दाखवलेलं आहे. मुलांसाठी. बारकावे मोठेपणी शिकतील." "सोपं करणं वेगळं. गोल दाखवला की मूल म्हणणार, मी एवढा जड म्हणून माझी पोच एवढी. बाहेर कोण आहे, काय आहे, त्याचा माझ्याशी संबंध नाही. हे सोपं नाहीये, हे चूक आहे. आणि मोठेपणी कोणी दुरुस्त करत नाही रे. मला बघ ना, मला तीस वर्षं लागली." त्यानं पेन उघडलं, मिटलं. मग त्यानं जे सांगितलं त्याचा तिनं कधी विचार केला नव्हता. "तुम्ही मला दोरी दिली होतीत," तो म्हणाला. "तुम्हाला आठवणार नाही. इतकी पोरं मागत होती आणि तुम्ही मला दिलीत. मी वर्तुळ काढलं. घरी जाऊन आईला सांगितलं की मी विश्वाची हद्द काढून आलो. मी या कामात आलो तो त्या दिवसामुळं." त्यानं खिडकीकडे बघितलं. "तो गोल मी तुमच्यासाठी करून घेतलाय. सांगणार नव्हतो."

ती खुर्चीत बसली. खोलीत पंखा फिरत होता, कागदाचं एक टोक उठत होतं, पडत होतं. तिला आठवेना. तिनं खरंच आठवून बघितलं, कान, पहिली रांग, हलणारी मान, पण दोरी हातात घेतलेला तो मुलगा काही केल्या दिसेना, आणि दिसत नाही याची तिला लाज वाटली. एवढं मोठं काचेचं काहीतरी, महिनोन्महिने खपून, तिच्यासाठी. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी कोणी काही टांगलं नव्हतं. सही केली तर काय होईल? काही नाही. हा मुलगा खूश होईल. तास चालू राहील. आणि न केली, तर नियमच सांगत होता की जो समजावणार त्याचीच सही हवी, म्हणजे पाटी लावायला याला समजावणारा बदलावा लागेल. तिला अडवत होता तो मुदतवाढीचा कागद नव्हे, तर कृतज्ञता. मीटरवाल्याशी भांडता येतं, वहिनीला नाही म्हणता येतं, पण आपलीच चूक कोणी दिवे लावून, प्रेमानं आपल्याला परत दिली तर ती कशी नाकारायची, याचा तिला सराव नव्हता. दुसऱ्याच्या प्रेमासाठी म्हणून चूक तशीच ठेवायची, आणि मग ते प्रेम कशावर उभं राहणार, चुकीवरच ना? त्या मुलीला तिनं भिंतीशी पाठवलं होतं. याला तिनं दोरी दिली होती. दोघांचंही तिनं सारखंच नुकसान केलं होतं, आणि याचं जास्त, कारण हा समाधानी होता.

"मी तुला चुकीचं शिकवलं," ती म्हणाली. "दोरीच द्यायला नको होती. आधी रेघ मारली आणि मग मुलं उभी केली. उलटं करायला हवं होतं." "बाई, प्लीज." "गोल सुंदर आहे. खरंच. घरी ने. दिवाणखान्यात लाव. पण पाटीवर माझी अक्षरं नाही पडणार." त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. तो आता संचालकाच्या आवाजात बोलला. "उद्या उद्घाटन आहे. पाटी लागणारच. तुमची सही नसेल तर दालनात समजावायला दुसरी सोय करावी लागेल. ध्वनिमुद्रित आवाज तयार आहे. मग मुदतवाढीचा प्रश्नच उरत नाही. तुम्हाला कळतंय ना? म्हणजे आजचा तास शेवटचा." "कळतंय," ती उठत म्हणाली. "मग आज जरा जास्त वेळ घेईन."

दालनात तेवीस मुलं होती, काही गोलाखाली उताणी झोपून दिवे मोजत होती. फरशी नवी, काळी, इतकी गुळगुळीत की मुलांचे पाय मोज्यांवर घसरत होते. ती मधोमध जाऊन उभी राहिली. "चला, उठा. आज दोरी नाही." "मग खेळ कसा?" "आज खेळाला शेजारी बोलावलेत." तिनं पाच मुलं गोलाखाली मधोमध उभी केली, हा आपला गट. सहा मुलं डावीकडच्या भिंतीशी, हा शेजारचा गट. चार उजवीकडे, तोही गट. उरलेल्या आठांना सगळीकडे विखरून टाकलं. "मी टाळी वाजवली की आठांनी मध्यापासून एक पाऊल मागे जायचं. जो जितका लांब त्याचं पाऊल तितकं मोठं. हे पसरणं. दुसऱ्या टाळीला मधला गट हाक मारेल, ज्याला जवळून ऐकू येईल त्यानं दोन पावलं पुढं, लांबच्यानं एकच, फार लांबच्यानं अर्धं." "आणि शेजारचे?" एका चष्मेवाल्या मुलीनं विचारलं. "तेही हाक मारणार," ती म्हणाली. "त्यांना कोणी गप्प बसवायचं नाही." दालनात एकच गलका झाला. डावीकडचे सहा जण घसा खरवडून ओरडत होते, मधले पाच त्यांच्यावर ताण करत होते, आणि त्या दोघांच्या मधे उभा असलेला एक मुलगा एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत वैतागून म्हणाला, "बाई, मला दोघं बोलावतायत, मी हलूच शकत नाही." "छान," ती म्हणाली. "मग तिथंच उभा राहा. पायाशी खूण कर." पलीकडे, जिकडे शेजारी नव्हते, तिथली एक मुलगी पार खिडकीजवळून हळूहळू पुढे येत होती. "मी तर इतकी लांब होते!" ती ओरडली. दहा-बारा टाळ्यांनंतर फरशीवर खडूच्या खुणा पडल्या होत्या, डावीकडे जवळ, उजवीकडे त्याहून थोड्या लांब, खिडकीकडे फारच लांब. "आता जोडा," ती म्हणाली, आणि खडू चष्मेवाल्या मुलीच्या हातात दिला.

मुलगी गुडघ्यांवर बसून, जीभ दातात धरून, खुणेपासून खुणेपर्यंत रेघ ओढत निघाली. रेघ गोलाखालून बाहेर पडली, खिडकीकडे लांबच लांब गेली, परत वळली. बाकीची मुलं तिच्याबरोबर चालत होती. "बाई, बटाट्यासारखी आलीय," कोणीतरी म्हणालं. "पुसून नीट काढू?" "नीटच आलीय," ती म्हणाली. तेवढ्यात मुलं जराशी बाजूला झाली. दाराशी संचालक उभा होता, त्याच्यामागं पाटी छातीशी धरून पाटीवाला. संचालक केव्हा आला होता, कोण जाणे. तो रेघेकडे बघत होता, मग वर गोलाकडे, मग पुन्हा रेघेकडे, आणि त्याची मान हलत नव्हती. "बाई, ही फरशी कालच घासून घेतलीय," तो म्हणाला, पण हळू.  त्याला समजावण्याचा मोह तिनं दाताखाली दाबून धरला. मुलगी रेघ ओढत त्याच्यापर्यंत पोचली. पुढची खूण त्याच्या मागं, दाराच्या चौकटीशी होती. "काका, पाय," ती म्हणाली. तो हलला नाही. कदाचित हलायचं की नाही हे त्याला ठरवता येत नसेल. मुलीनं वर बघून थोडा वेळ वाट पाहिली, मग बाईंकडे बघितलं. बाई रेघेकडे बघत होत्या. तेव्हा तिनं खडू उचलला नाही, तसाच दाबून धरला, आणि रेघ त्याच्या काळ्या बुटावरून पलीकडे नेली.